जर्मनीची भट्टी, परभणीची माती

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' ही म्हण बाहेरगावच्या माणसाला सांगताना परभणीकराच्या चेहऱ्यावर अर्धा अभिमान आणि अर्धे हसू असते. ती कशावरून पडली, यावर जितके पार तितकी मते. परंतु गेल्या काही वर्षांत या म्हणीतल्या दोन्ही टोकांची गाठ आमच्या स्वयंपाकघरांत पडू लागली आहे. वसमत रस्त्यावर, जिंतूर रस्त्यावर जी नवी घरे उठली, त्यांतल्या काही घरांत ओट्याच्या बाजूच्या उभ्या कपाटात एक काळी, चकचकीत, काचेच्या दाराची पेटी बसवलेली असते. दारावर बहुधा जर्मन किंवा इटालियन नाव असते. घरमालक पाहुण्यांना देवघर दाखवतो, गच्ची दाखवतो, आणि मधे स्वयंपाकघरात थांबून म्हणतो, "हा ओव्हन. बिल्ट-इन." गृहिणी मागे उभी राहून हसते. तिला ठाऊक असते की आत पोळीचा तवा, दोन पराती आणि मागच्या दिवाळीची शंकरपाळ्यांची रिकामी बरणी आहे.

मी गृहविज्ञानाची विद्यार्थिनी. परभणीला कृषी विद्यापीठ झाले १९७२ साली, आणि त्याच आवारात १९७६ मध्ये गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झाले (आता त्याचे नाव सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे). तिथे शिकल्यामुळे आणि पुढे बरीच वर्षे घरी केक-बिस्किटांचे वर्ग घेतल्यामुळे ओळखीपाळखीच्या बायका मला बोलावतात. पूर्वी विचारत, "केक मधे बसतो, काय करू?" आता विचारतात, "बटण दाबलं की घरातली लाईटच जाते, काय करू?" दुसरा प्रश्न पहिल्याहून कितीतरी मोलाचा आहे, म्हणून त्याविषयीच लिहिते.

आमच्या लहानपणी ओव्हन ही घरात ठेवायची वस्तू नव्हती, ती जायची जागा होती. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. त्यामुळे पाव, खारी, बिस्किटे आणि बेकरी यांची ओळख आमच्याकडे जुनी. दिवाळी जवळ आली, की तूप, पिठीसाखर, मैदा, रवा असे जिन्नस डब्यांत भरून बायका-पोरे बेकरीत जात. नानकटाईचे पीठ तिथेच मळायचे, गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे, आपला ट्रे ओळखू यावा म्हणून त्याच्या कडेला चिठ्ठी लावायची आणि बाकड्यावर बसून राहायचे. भट्टीवाला लांब लाकडी फळीने ट्रे आत सरकवी. भट्टीचा कोणता कोपरा तापट आहे, कोणता थंड, लाकूड ओले आहे की कोरडे, दार किती वेळ उघडे ठेवायचे, हे सगळे त्याच्या डोक्यात असे. त्याच्या हातावर जुन्या भाजल्याचे डागही असत. आपल्याला फक्त गरम डबा घरी आणायचा असे.

पुढे कुकरमध्ये वाळू घालून केक करण्याचे दिवस आले, मग काचेच्या झाकणाचा तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, मग ओट्यावर ठेवायचा चौकोनी. प्रत्येक पायरीवर भट्टीवाल्याचे थोडे थोडे काम आपल्याकडे आले. कपाटातल्या पेटीबरोबर ते सगळेच आले आहे, डाग सोडून. आणि तेही येऊ नयेत एवढीच खबरदारी घ्यायची आहे.

पेटी आतून फार गुंतागुंतीची नसते. वर एक कॉइल, खाली एक, आणि पंख्याच्या ओव्हनमध्ये मागे पंख्याभोवती गोल तिसरी. कॉइलच्या आत निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार असते. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०६ साली तिचे पेटंट घेतले. त्याआधीच्या तारा लाल होऊन थोड्याच दिवसांत तुटत. ही तार लाल होऊनही वर्षानुवर्षे टिकते, म्हणून घरगुती इस्त्री, हीटर, ओव्हन हे सगळे शक्य झाले. भोवती काचलोकरीचे जाड अस्तर, बाहेर पत्रा, दाराला दोन किंवा तीन काचा. आणि बाहेरच्या कपाटाला धग लागू नये म्हणून वरच्या बाजूला आणखी एक छोटा पंखा. या छोट्या पंख्याची हकिगत पुढे येते.

असा ओव्हन सगळ्या कॉइल चालू असताना साधारण अडीच ते साडेतीन किलोवॅट वीज ओढतो. तीन किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला तेरा अँपिअर. हा आकडा पुष्कळांना पोकळ वाटतो, म्हणून मी आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण देते. जिंतूर तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर धरण आहे, धरणाखाली वीजघर आहे, त्याची क्षमता २२.५ मेगावॅट. म्हणजे साडेसात हजार घरांनी एकाच वेळी असे ओव्हन पूर्ण जोरात लावले, तर अख्खे येलदरी त्यांतच संपेल. अशी वस्तू आपण मिक्सरच्या प्लगात लावू पाहतो.

तिच्यासाठी स्वतंत्र वायर हवी. मेनबोर्डापासून थेट ओव्हनपर्यंत, मधे कुठेही फ्रिज किंवा गिझर न जोडलेली, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची. सॉकेट सोळा अँपिअरचे, आणि तेही ओव्हनच्या पाठीमागे नव्हे. शेजारच्या कपाटात किंवा ओट्याच्या वर, हात पोचेल अशा जागी. पाठीमागे सॉकेट असले की अडचणीच्या वेळी ते बंद करायला आधी पेटी बाहेर ओढावी लागते, आणि अडचण काही तोवर थांबत नाही. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. त्यांना तांब्याची तार पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. असा सांधा पंख्या-दिव्याला वर्षानुवर्षे चालतो. तेरा अँपिअरला तो भिंतीच्या आत तापतो. ओव्हन अर्धा तास चालल्यावर प्लगाला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा जळक्या रबराचा वास येत असेल, तर त्या दिवशी केक नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे येते.

आमच्या ओळखीच्या एका घरी ओव्हन बसवून दोन-तीन महिने झाले होते. घरातल्या बाईंना त्याचे मोठे कौतुक. त्यांच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या मावशी मात्र त्या पेटीपासून जरा लांबूनच फरशी पुसत. मी सहज विचारले, तर म्हणाल्या, "काकू, ही पेटी हाताला झिणझिण करू लालीय." घरातल्या बाई हसल्या. "तिच्या मनाचं आहे. मी रोज हात लावते, मला कुठं काय होतं?"

दोघीही खरे बोलत होत्या. बाईंच्या पायात रबरी स्लीपर होती. मावशी अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर, ओल्या हाताने दाराचा दांडा पुसत. वीज अंगातून जायला वाट लागते. एकीला ती वाट होती, एकीला नव्हती.

मी त्यांना त्याच दिवशी लायसनवाला वायरमन बोलवायला लावले. त्याने मीटर लावला, तर पेटीचा पत्रा आणि जमीन यांच्यात शंभराच्या वर व्होल्ट. सॉकेट उघडले. तीन भोकांचे सॉकेट, वरच्या मोठ्या भोकाच्या मागे काहीच नाही. हिरवी तार तिथवर आलीच नव्हती. ती शोधत शोधत तो मेनबोर्डापर्यंत गेला, आणि तिथून बाहेर अंगणात. घर बांधताना अर्थिंगचा खड्डा केलेला होता. पुढे गाडी लावायला पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा तो बुजला आणि तार तुटली. पुढे ते अंगण ओलांडून गेलेल्या प्रत्येकाने फक्त सुंदर पेव्हर ब्लॉक पाहिले.

अर्थिंग म्हणजे काय, हे शाळेत शिकवतात आणि घर बांधताना विसरतात. पेटीच्या आत कुठे फेजची तार पत्र्याला टेकली, किंवा कॉइलमधून थोडी वीज झिरपली, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट हवी. ही हिरवी तार ती वाट. ती नसेल तर वीज पत्र्यावर वाट पाहत बसते, आणि अनवाणी माणूस दांड्याला हात लावतो तेव्हा त्याच्यातून जाते. आजच्या ओव्हनमधल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला विजेतला खडखडाट गाळणारी एक लहान जोडणीही असते. तिचीच थोडीशी वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायची असते. अर्थिंग नसेल तर नव्याकोऱ्या, निर्दोष ओव्हनच्या अंगावरही ती उभी राहते. मावशींना झिणझिण होत होते ते याचे. त्याने बहुधा कोणी मरत नाही. पण त्याचा अर्थ एवढाच, की ज्या दिवशी खरा बिघाड होईल त्या दिवशी वाचवायला काही नाही.

आणि आपल्याकडे बिघाड सहन करणारे माणूस ठरलेले असते. स्वयंपाकघरात चप्पल न घालणारी सासू, फरशी पुसणाऱ्या मावशी, रांगणारे मूल. ओव्हन ज्याने विकत घेतला तो बुटावर असतो.

यातून एक पळवाट काही वायरमन काढतात, ती सांगणे भाग आहे. अर्थिंग सापडले नाही, की सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडून देतात. टेस्टर लावला तर दिसायला सगळे ठीक. परंतु मेनबोर्डाकडून येणारी न्यूट्रल कुठे ढिली झाली, तुटली, की ओव्हनच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. बिघाड ओव्हनमध्ये नसतोच, तरी अंग मात्र ओव्हनचे जिवंत होते. हे करणाऱ्या माणसाला घरात पुन्हा पाऊल ठेवू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या मातीचाही यात हात आहे. परभणीची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते. तेव्हा अर्थिंगला याहून चांगली माती नाही. पण एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि तीच जमीन आक्रसून भेगाळते. शेतातल्या भेगेत हात जाईल एवढी. तशीच ती खड्ड्यातल्या पाइपापासूनही सुटते. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरण्यासाठी, पण ओल असेल तर ना! म्हणून पाइपाच्या तोंडाशी नरसाळे आणि वर झाकण ठेवून खड्डा उघडता येईल असा करावा, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन-तीन बादल्या पाणी त्यात ओतावे. पाण्याची टंचाई असताना हे सांगणे अवघड वाटते. मी आमच्या घरी आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी साठवून तेच ओतते. त्यात क्षार जास्त, ते या कामाला उलट बरे.

त्या घरी नवा खड्डा झाला, हिरवी तार सॉकेटपर्यंत आली. खर्च ओव्हनच्या किमतीच्या मानाने किरकोळ होता. दुसऱ्या दिवशी मावशींनी दांड्यावर आधी एक बोट टेकवले, मग हात. म्हणाल्या, "आता गप हाय."

अर्थिंगच्या जोडीला मेनबोर्डात आणखी एक वस्तू हवी. एमसीबी सगळ्यांना माहीत आहे. जास्त भार आला की खटका पडतो. पण एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. सोळा अँपिअरची एमसीबी तुमच्या अंगातून अर्धा अँपिअर गेला तरी ढिम्म हलणार नाही, आणि अर्धा अँपिअर म्हणजे माणूस संपला. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की डोळ्याचे पाते लवायच्या आत तोडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? जुन्या शंभर वॅटच्या दिव्यातून जेवढी वीज जाते तिच्या चौदाव्या हिश्शाएवढी. तिच्यावर चाचणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला पाहिजे. "सारखी पडते म्हणून काढून टाकली" हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकले आहे. ती सारखी पडते कारण काहीतरी सारखे झिरपत असते.

पावसाळ्यात मात्र एक साधे कारण असू शकते. कॉइलच्या नळीत, तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली असते. ती हवेतली ओल पिते. जुलैपासून दसऱ्यापर्यंत ओव्हन बंद राहिला, की दिवाळीला बटण दाबताच आरसीसीबी पडते आणि सगळे म्हणतात, ओव्हन गेला. गेलेला नसतो, ओलावलेला असतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटे रिकामाच चालवला तर हा प्रसंग येत नाही. आलाच, तर कॉइल तपासून सुकवून देणे हे वायरमनचे काम. आरसीसीबी वगळून तार जोडणे हे कोणाचेच काम नव्हे.

कपाटाविषयी सुताराशी बोलायला हवे, आणि ते सुरुवातीलाच. आपले सुतार फार नेटके काम करतात. पाठीला फळी मारतात, खाली पट्टी मारतात, फटी बुजवतात. इथे नेटकेपणा घात करतो. ओव्हनच्या मागे पाठफळी नको, वरखाली हवा जायला फट हवी, किती ते पुस्तिकेत दिलेले असते. मघाशी म्हटलेला तो छोटा पंखा या फटींतून हवा खेचतो आणि दाराच्या वरून बाहेर टाकतो. ओव्हन बंद केल्यावरही तो दहा-पंधरा मिनिटे घरघरत राहतो. पुष्कळ घरांत काटकसरी माणसे लगेच भिंतीवरचे बटण बंद करतात. मग आतली धग आतच राहते, इलेक्ट्रॉनिक पट्टी भाजते आणि शेजारच्या कपाटाचे सनमायका सुटते. पंखा स्वतःहून थांबेपर्यंत थांबावे. त्याला वीज लागते ती नगण्य. याच कारणाने दांड्यावर ओले फडके वाळत घालू नये. गरम हवेची वाट बंद होते. आणि शेजारच्या बंद कपाटात गॅसचे सिलिंडर तर नकोच.

विजेच्या दाबाचे काय? गावात तो चढ-उतार करतो, खेड्यात जास्त. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला दोन हजार वॅट देणारी कॉइल १८० व्होल्टला जेमतेम सव्वाबाराशे देते. संध्याकाळी केक बसतो आणि सकाळी फुगतो, याचे कारण अंड्यात शोधू नका. पुस्तकातली मिनिटे पाळण्यापेक्षा आतला थर्मामीटर पाहावा, ओव्हन पुरता तापल्यावरच भांडे आत ठेवावे, आणि उन्हाळ्यात तर पहाटेच काय ते उरकावे. ४३ अंशांच्या दुपारी स्वयंपाकघरात आणखी एक भट्टी कशाला? फ्रिजच्या स्टॅबिलायझरला ओव्हन लावू नये, तो एवढा भार सोसत नाही. इन्व्हर्टरवर तर नाहीच. लाईट गेली तर बटण शून्यावर आणून ठेवावे, कारण ती परत येताना कधी जोरात येते, आणि तुम्ही तोवर ओव्हन विसरून बाजारात गेलेल्या असता. लाईट आल्यावर घड्याळात शून्ये लुकलुकत राहिली आणि ओव्हन चालू होईना, तर घाबरू नये. पुष्कळ ओव्हन घड्याळात वेळ लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत. एवढ्यासाठी नांदेडहून माणूस बोलावून त्याला भाडे दिल्याची उदाहरणे आमच्या कॉलनीतच आहेत.

आता रोजच्या वापराचे. नवा ओव्हन आणला की आतले कागद, प्लास्टिक, थर्माकोल सगळे काढून, खिडक्या उघडून, २०० अंशांच्या वर तासभर रिकामा चालवावा. धूर आणि वास येतो, तो कारखान्यातल्या तेलाचा. नंतर येत नाही. त्यानंतर तो कपाट म्हणून वापरणे बंद. तवा-पराती ठेवायला दुसरी जागा करा. सुनेने आत प्लास्टिकचे डबे ठेवले आणि सासूने ओव्हन तापायला लावला, हे एकदा घडले की वितळलेले प्लास्टिक पंख्याच्या जाळीतून काढता काढता आठवडा जातो, आणि भांडण वेगळेच. लावण्याआधी दार उघडून आत पाहायचे, ही सवय हाताला लागली पाहिजे.

ट्रे काढताना पदर खोचलेला हवा, ओढणी बांधलेली. सांडशी इथे उपयोगाची नाही, ट्रे तिरपा होतो. दोन्ही हातांना जाड, कोरडे हातमोजे किंवा चौपदरी कोरडे फडके. कोरडे यावर माझा भर आहे. ओट्यावरचे ओलसर फडके उचलून गरम ट्रे धरला, की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि हात भाजतो, वर ट्रे हातातून सुटतो तो पायावर. दार उघडताना आधी चार बोटे उघडून वाफ जाऊ द्यावी. तोंड पुढे घालून वाकू नये, चष्मेवाल्यांनी तर नाहीच. उघडलेल्या दारावर जड भांडे टेकवू नये. मुले त्याची पायरी करून चढतात, म्हणून ओव्हन डोळ्यांच्या उंचीला बसवलेला केव्हाही बरा.

तळाला ॲल्युमिनियमची फॉइल अंथरण्याची युक्ती पुष्कळ जणी अभिमानाने सांगतात. सांडलेले त्यावर पडते हे खरे, पण खालच्या कॉइलची उष्णता अडते आणि तळाचे एनॅमल तडकते. कधी फॉइल तिथेच चिकटून बसते. त्यापेक्षा खालच्या कप्प्यात रिकामा ट्रे ठेवावा.

साफसफाईला खाण्याचा सोडा पुरे. पाण्यात कालवून त्याची पेस्ट थंड ओव्हनमध्ये, भिंतींना आणि तळाला लावायची, कॉइल आणि पंखा सोडून. रात्रभर ठेवून सकाळी मऊ फडक्याने पुसायची. चिकट वास असेल तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी घालून वीस मिनिटे तापवावे. फरशीचे ॲसिड, कॉस्टिक सोडा यांना ओव्हनच्या आसपास फिरकू देऊ नये. सुरीने खरवडू नये, तारेची घासणी काचेला लावू नये. दाराची काच कडक केलेली असते. तिच्यावर ओरखडे पडले किंवा गरम असताना गार पाणी उडाले, तर ती एखाद्या दिवशी फटाक्यासारखी फुटून तिचा खडीसाखरेएवढा चुरा होतो. दाराभोवतीची पट्टी ओल्या फडक्याने टिपावी, ओढू नये. ती ढिली झाली की धग बाहेर येऊन बटणे वितळतात. आतला दिवा गेला तर बदलताना मेन बंद, आणि दिवा तीनशे अंश सोसणाराच. देवघरातला शून्याचा दिवा तिथे बसतो, पण दहा मिनिटांत जातो.

उंदीर आणि पाली यांचे बंदोबस्ताचे काम ओव्हनच्या आधीपासूनचे आहे. पाठीमागे उबदार, अंधारी जागा त्यांना आयतीच मिळते. उंदराने वायर कुरतडली की अर्थिंग आणि आरसीसीबी यांची किंमत कळते. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, मेन बंद करून वायरमनकडून पेटी पुढे ओढून मागे झाडून घ्यावे.

आत काही पेटलेच, म्हणजे तेल सांडून किंवा कागद राहून, तर दार उघडू नये. हीच एक गोष्ट मी वर्गात मुलींकडून म्हणवून घेत असे. बटण बंद, भिंतीवरचे बटण बंद, दार बंद. हवा मिळाली नाही की आग आपोआप विझते. पाणी तर मुळीच नको. कोणी विजेला चिकटले असेल तर त्याला हात लावू नये. आधी मेन पाडावे, ते जमत नसेल तर कोरड्या पाटावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला बाजूला ढकलावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट नको, शाई नको, हळद-तूप नको, बर्फही नको. आमच्याकडे नळाला रोज पाणी येईलच असे नाही, म्हणून ओव्हन लावण्याआधी भरलेली बादली आणि तांब्या मोरीत असल्याची खात्री मी करून घेते.

राहता राहिला प्रश्न, घ्यावा की नाही. वर्षातून दोन वाढदिवसांना केक करणाऱ्या घराला ओट्यावरचा लहान ओव्हन भरपूर झाला. तो कमी वीज खातो, लवकर तापतो, बिघडला तर रिक्षात घालून नेता येतो. पण २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गल्लीतल्या किती मुलींनी घरी केक करून विकायला सुरुवात केली, आणि त्यांतल्या काहींचे घर आज त्यावर चालते. दिवसाला चार-पाच तास ओव्हन चालवणाऱ्या अशा मुलीला मोठा, पंख्याचा, कपाटातला ओव्हन हवाच. तिने मंजूर वीजभार आधी वाढवून घ्यावा, आणि ओव्हनच्या हप्त्यांत खड्ड्याचा आणि आरसीसीबीचा खर्च पहिल्याच महिन्यात धरावा. तिला शिकवताना मी आजकाल मैद्याबरोबर ज्वारीचे पीठही घेते. आपल्या ज्वारीची नानकटाई १६० अंशांना वीसेक मिनिटांत होते, जरा रवाळ, तुपाला थोडी जास्त. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले, तेव्हापासून पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकेही ती मागतात.

तासभर ओव्हन चालला तर साधारण एक ते दीड युनिट जाते, कारण कॉइल सारखी जळत नाही, चालू-बंद होत राहते. शेवटचा ट्रे निघाल्यावर आत बराच वेळ शंभराच्या वर अंश शिल्लक असतात. बटण बंद करून, दार लावून, त्यात पसरट ट्रेमध्ये शेंगदाणे ठेवून द्यावेत. छोटा पंखा थांबेपर्यंत ते कूट करण्याजोगे होतात.